टेस्टोस्टेरोन-चिकित्सा व स्नायूंची वाढ

वृषणांत (पुं-जनन ग्रंथींत) तयार होऊन सरळ रक्तात मिसळणारे टेस्टोस्टेरोन हे पुरुष-शरीरातील प्रमुख पौरुषजन (पुरुषत्वाची लक्षणे निर्माण करणारे हॉर्मोन) होय. निरोगी प्रौढ पुरुषात ते रोज अवघे काही मिलिग्रॅम निर्माण होते. स्त्रियांतही ते असते, पण पुष्कळच कमी. वयात येताना आवाज फुटणे, दाढीमिशा येणे, खांदे रुंदावणे व स्नायू भरणे हे बदल त्याच्यामुळे होतात. ज्यांच्या शरीरात ते पुरेसे निर्माण होत नाही अशा प्रौढांना बाहेरून देऊन त्याची पातळी नेहमीच्या मर्यादेत आणणे यास टेस्टोस्टेरोन-प्रतिस्थापन चिकित्सा म्हणतात. या चिकित्सेने स्नायूंचे वस्तुमान वाढते, ही गोष्ट आज निर्विवाद आहे. ती निर्विवाद ठरण्यास मात्र रासायनिक शोधानंतरही साठ वर्षे जावी लागली. वाढलेल्या स्नायूबरोबर बळही त्याच प्रमाणात वाढते काय, या प्रश्नाचे उत्तर तर अद्यापही एका शब्दात देता येत नाही.

वृषणांचा व अंगबळाचा संबंध शेतकऱ्याला शास्त्रज्ञाच्या फार पूर्वीपासून ठाऊक होता. महाराष्ट्रात खोंड खच्ची करून त्याचा बैल करण्याची पद्धत पुरातन आहे. खच्ची केलेले जनावर शांत होते, जुवाखाली नीट चालते. परंतु ते फार लहानपणी खच्ची केले, तर त्याची मान व वशिंड वळूसारखे भरत नाही. भारतीय गोवंशाचे वशिंड उंटाच्या मदारीसारखे चरबीचे नसून मुख्यतः स्नायूचे असते व पौरुषजनांच्या प्रभावाखाली ते वाढते. म्हणून एकाच गोठ्यातील वळू व बैल शेजारी उभे केले असता प्रस्तुत विषयातील मूळ प्रयोग डोळ्यांपुढे मांडलेला दिसतो. त्याची नोंद घेणारे मात्र कोणी नव्हते.

आयुर्वेदात हा संबंध औषधयोजनेपर्यंत पोहोचला होता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात वाजीकरणाच्या संदर्भात बोकडाची वृषणे दूध व तूप यांत सिद्ध करून खाण्यास सांगितली आहेत. अनुमानाची दिशा बरोबर होती. पण उपाय फळण्याजोगा नव्हता. वृषणे हे हॉर्मोन साठवून ठेवीत नाहीत, तयार होताच रक्तात सोडून देतात. शिवाय पोटात गेलेले टेस्टोस्टेरोन आतड्यातून यकृतात जाते व तेथे त्याचा बहुतेक नाश होतो.

तालमीतील विचारसरणी याहून निराळी होती. महाराष्ट्रातील बहुतेक तालमींत हनुमानाची मूर्ती असते व ब्रह्मचर्य हा मल्लविद्येचा पाया मानला जातो. वीर्य हेच बळ, ते राखले की अंगात मुरते व गेले की बळ जाते, अशी ही समजूत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील मल्ल बाळंभटदादा देवधर यांना मल्लखांबाची कल्पना आजच्या नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगगडावर उपासना करीत असताना स्फुरली, अशी परंपरागत कथा आहे. तिच्यातही व्यायाम, उपासना व संयम ही तिन्ही एकत्र आलेली दिसतात. शरीरक्रियाविज्ञानाच्या दृष्टीने या समजुतीत निम्मे सत्य आहे. बळाचे एक उगमस्थान वृषणांत आहे हे खरे. पण तेथून स्नायूंकडे जाणारा पदार्थ रक्तामार्गे जातो, वीर्यातून नव्हे. वीर्य राखल्याने त्याचे प्रमाण टिकाऊ रीतीने वाढत नाही आणि गेल्याने घटत नाही. मल्लाचे शरीर घडते ते जोर, बैठका व खुराक यांनी. ब्रह्मचर्याने झालाच तर नियमितपणाचा लाभ होतो. तोही लहान नाही, पण तो हॉर्मोनाचा लाभ नव्हे.

हा पदार्थ रक्तातून जातो याचा पहिला प्रायोगिक पुरावा गटिंगेन येथील आर्नोल्ट बेर्टोल्ट यांनी 1849 मध्ये दिला. खच्ची केलेल्या कोंबड्यांचे तुरे सुकतात, त्यांचे आरवणे व झुंजणे थांबते. परंतु काढलेली वृषणे उदरपोकळीत नुसती ठेवून दिली तरी ती तेथे रुजतात व कोंबडा पुन्हा पूर्ववत होतो, असे त्यांनी दाखविले. मज्जातंतूंचे जुने जोड तुटलेले असल्याने परिणाम रक्तामार्फतच होत असला पाहिजे, हे त्यांचे अनुमान अचूक होते. तरी पुढील चाळीस वर्षे त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

लक्ष वेधले गेले ते एका चुकीच्या प्रयोगाने. 1889 मध्ये पॅरिस येथे बहात्तर वर्षांचे विख्यात शरीरक्रियावैज्ञानिक शार्ल एद्वार ब्राउन-सेकार यांनी कुत्रा व गिनी पिग यांच्या वृषणांचा जलीय अर्क स्वतःस टोचून घेतला आणि आपल्या अंगात तरुणपणाची शक्ती परत आल्याचे विद्वत्सभेत जाहीर केले. हाताचे बळ त्यांनी बलमापकावर मोजलेही होते. टेस्टोस्टेरोन पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने त्या अर्कात परिणामकारक मात्रा असणे अशक्य होते. त्यांचे मोजमाप खोटे नव्हते. सुधारणा झाली ती अपेक्षेच्या बळावर. या विषयाच्या इतिहासात अपेक्षेच्या बळाशी पुनःपुन्हा गाठ पडते. 1896 मध्ये ग्रात्स येथील ऑस्कार झोट व फ्रित्स प्रेगल यांनी असाच अर्क टोचून घेऊन मधल्या बोटाने वजन उचलण्याची क्षमता मोजली, ती वाढल्याचे नमूद केले व खेळाडूंवर असे प्रयोग करण्याची सूचनाही केली. प्रेगल यांना पुढे 1923 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते अर्थात वेगळ्याच कार्यासाठी.

पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळविणे अतिशय कष्टाचे होते. जर्मनीत आडोल्फ बूटेनान्ट यांनी 1931 मध्ये पोलिसांकडून गोळा केलेल्या सुमारे 15,000 लिटर मूत्रापासून केवळ 15 मिग्रॅ. अँड्रोस्टेरोन हे संबंधित पौरुषजन वेगळे केले. 1935 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकेर यांच्या गटाने सुमारे 100 किग्रॅ. वळूंच्या वृषणांतून 10 मिग्रॅ. इतका शुद्ध पदार्थ मिळविला व त्यास टेस्टोस्टेरोन हे नाव दिले. त्याच वर्षी बूटेनान्ट यांनी आणि स्वतंत्रपणे लेओपोल्ट रूझीच्का यांनी तो कोलेस्टेरॉलापासून प्रयोगशाळेत बनविला. 1939 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले. नाझी सरकारच्या दडपणामुळे बूटेनान्ट यांना ते त्या वेळी नाकारावे लागले.

मुंबई इलाख्यातील सुशिक्षित वाचकास या शोधांचा परिचय प्रथम झाला तो जाहिरातींतून. ‘ओकासा’ या जर्मन ग्रंथिजन्य गोळ्यांच्या जाहिराती 1930 नंतरच्या दशकात पश्चिम भारतातील वृत्तपत्रांत वरचेवर झळकत. गेलेली शक्ती परत मिळवून देण्याचे त्यांचे आश्वासन देशी धातुपौष्टिकांच्या आश्वासनाहून वेगळे नव्हते. भर पडली होती ती केवळ विज्ञानाच्या नावाची. याच काळात रघुनाथ धोंडो कर्वे हे समाजस्वास्थ्य या मासिकातून (1927–53) ब्रह्मचर्यापासून बळ येते ही समजूत शरीरक्रियाविज्ञानाच्या आधारे खोडून काढीत होते. खटले व लोकनिंदा सोसून त्यांनी हे कार्य केले. तिकडे बडोद्यास दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी 1936 पासून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड प्रसिद्ध करून देशी व्यायामपद्धतींचे भांडार ग्रथित केले. जाहिरात, खंडन आणि संकलन असे हे तीन प्रवाह एकाच दशकात, एकाच भाषेत व बव्हंशी एकाच वाचकवर्गासाठी वाहत होते. त्यांचा मेळ घालणारा चिकित्सक ग्रंथ मात्र त्या वेळी निघाला नाही.

स्नायूंवरील परिणामाचा पहिला भक्कम पुरावा नायट्रोजनाच्या हिशेबातून मिळाला. प्रथिनांत नायट्रोजन असतो. अन्नातून घेतलेल्या नायट्रोजनापेक्षा मलमूत्रावाटे जाणारा कमी भरला, तर शरीरात प्रथिने साठत आहेत असा निष्कर्ष निघतो. 1935 मध्ये अमेरिकेत चार्ल्स कोचाकियन यांनी पौरुषजने टोचलेल्या, खच्ची केलेल्या कुत्र्यांत असा नायट्रोजन-संचय होतो असे दाखविले. त्यानंतर थोड्याच वर्षांत शिकागो येथे ॲलन केन्यन व त्यांचे सहकारी यांनी वृषणदौर्बल्य असलेल्या पुरुषांत तोच परिणाम नोंदला. पुढे टेस्टोस्टेरोनाची तेलात विद्राव्य व हळूहळू शोषली जाणारी एस्टरे तयार होऊन ती स्नायूत टोचण्याची पद्धत रूढ झाली, आणि 1950 नंतर दर दोन-तीन आठवड्यांनी एक सुई इतकी ही चिकित्सा सोपी झाली. त्वचेवर चिकटविण्याची पट्टी व चोळावयाचे जेल ही अलीकडची साधने होत.

यानंतर इतिहासाला फाटा फुटतो. 1952 मध्ये हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत ब्राँझपदक मिळविले, ते लाल मातीतल्या मेहनतीवर. त्या सुमारास पूर्व युरोपातील वजन उचलणारे खेळाडू टेस्टोस्टेरोन घेऊ लागले होते असे सांगतात. 1958 मध्ये मेथँड्रोस्टेनोलोन हे तोंडाने घेता येणारे कृत्रिम स्टेरॉइड अमेरिकेच्या बाजारात आले व काही वर्षांतच व्यायामशाळांत पसरले. वैद्यक व्यवसायाने या लाटेला दिलेले उत्तर दुर्दैवी ठरले. स्टेरॉइडांमुळे बळ वाढते याला निर्णायक पुरावा नाही, अशी भूमिका अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या प्रमुख संस्थेने 1977 मध्येही घेतली होती. तोवर झालेले प्रयोग लहान होते. त्यांत मात्रा, आहार व व्यायाम यांवर पुरेसे नियंत्रण नव्हते. त्यामुळे ‘पुरावा नाही’ हे विधान अक्षरशः खरे होते. पण खेळाडू स्वतःच्या दंडाचा घेर रोज आरशात पाहत होते. डॉक्टरांचे हे म्हणणे त्यांना चुकीचे दिसले आणि मग त्याच डॉक्टरांनी सांगितलेले धोकेही त्यांनी खोटे मानले. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातील सर्वांत महाग पडलेली चूक ती हीच.

निर्णायक प्रयोग 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. लॉस अँजेल्स येथे संशोधन करणारे भारतीय वंशाचे वैद्य शलेंदर भसीन व त्यांचे सहकारी यांनी 43 निरोगी तरुणांचे चार गट पाडले. दोन गटांना आठवड्यास 600 मिग्रॅ. टेस्टोस्टेरोन एनँथेट, म्हणजे प्रतिस्थापन मात्रेच्या कितीतरी पट, दहा आठवडे टोचले. उरलेल्या दोहोंना औषधरहित सुया दिल्या. प्रत्येक जोडीतील एका गटाने ठरवून दिलेला वजनाचा व्यायाम केला, दुसऱ्याने मुळीच केला नाही. सर्वांचा आहार नियंत्रित होता. केवळ व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सुमारे 2 किग्रॅ. वाढले, मुळीच व्यायाम न करता औषध घेणाऱ्यांचे सुमारे 3 किग्रॅ.; आणि दोन्ही करणाऱ्यांचे सुमारे 6 किग्रॅ. वाढले. यातील मधला आकडा विशेष लक्षणीय आहे. निजून राहिलेल्याचाही स्नायू वाढतो, हे त्याने दाखविले. 2001 मध्ये याच गटाने 61 तरुणांत नैसर्गिक हॉर्मोन औषधाने थांबवून त्यांना आठवड्यास 25 पासून 600 मिग्रॅ. पर्यंत पाच निरनिराळ्या मात्रा वीस आठवडे दिल्या, तेव्हा मात्रेच्या प्रमाणात स्नायूही वाढत जातो असे आढळले.

स्नायूत हे घडते कसे, याचे चित्र आता बरेच स्पष्ट आहे. टेस्टोस्टेरोन स्नायुतंतूतील विशिष्ट ग्राहीशी (हॉर्मोन ओळखून धरणाऱ्या प्रथिनाशी) जखडते आणि ही जोडी केंद्रकात जाऊन प्रथिननिर्मितीशी संबंधित जनुके चेतविते. त्याखेरीज तंतूंना चिकटून असलेल्या उपग्रह कोशिकांची संख्या वाढते. त्या तंतूंत विलीन होऊन त्यांना नवी केंद्रके पुरवितात व तंतू जाड होतात. तंतूंची संख्या वाढते असे मात्र दिसत नाही. ज्या मूळ कोशिकांपासून चरबीही होऊ शकते व स्नायूही, त्या स्नायूकडे अधिक वळतात. म्हणून चिकित्सा घेणाऱ्याच्या अंगावरील चरबी घटते व स्नायू वाढतो, आणि काट्यावरचे एकूण वजन त्या मानाने थोडेच हलते. स्त्री म्हणून वाढलेल्या ज्या पारलिंगी पुरुषांनी ही चिकित्सा घेतली, त्यांच्या मांडीच्या स्नायूंचे आकारमान एका वर्षात सुमारे 15 टक्क्यांनी वाढल्याचे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात आढळले.

ही चिकित्सा खरोखर कोणास हवी, हा प्रश्न वैद्यकात नीट ठरलेला आहे. जन्मतः एक्स गुणसूत्र अधिक असलेले पुरुष, पोष ग्रंथीत गाठ झालेले, वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषणे सुजलेले, तसेच अपघाताने अथवा शस्त्रक्रियेने वृषणे गमावलेले रुग्ण यांचा त्यात समावेश होतो. कुष्ठरोगाच्या एका तीव्र प्रकारात जंतू वृषणांत शिरून ती सुकवितात. रोग बरा झाल्यावरही दुबळेपणा मागे राहतो व त्याचे कारण पुष्कळदा कोणी शोधीतही नाही. कुष्ठरोगाचा भार दीर्घकाळ वाहिलेल्या महाराष्ट्रात या गोष्टीची दखल घ्यावयास हवी. अशा रुग्णांत परिणाम ठळक असतो. 1997 मधील एका अभ्यासात वृषणदौर्बल्य असलेल्या सात पुरुषांना आठवड्यास 100 मिग्रॅ. इतकी मात्रा दहा आठवडे दिली, तेव्हा त्यांचे चरबीविरहित वजन सरासरीने सुमारे 5 किग्रॅ. वाढले. बांधून ठेवलेल्या झाडाची दोरी सोडावी तसा हा प्रकार आहे.

वार्धक्याचे तसे नाही. वयाबरोबर टेस्टोस्टेरोन हळूहळू घटते व स्नायूही घटतो. पण एक कमी झाले म्हणूनच दुसरे कमी झाले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. अमेरिकेत 65 वर्षांवरील 108 पुरुषांना तीन वर्षे त्वचेवरील पट्टीतून औषध अथवा औषधरहित पट्टी देण्यात आली. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सुमारे 2 किग्रॅ. वाढले, चरबी सुमारे 3 किग्रॅ. घटली, गुडघा सरळ करण्याच्या बळात मात्र दोन गटांत फरक आढळला नाही. 2016 मधील 790 वृद्धांच्या अभ्यासातही चालण्याच्या क्षमतेवरचा परिणाम अल्पच ठरला. वृद्धाला हवे असते ते जिना चढण्याचे व जमिनीवरून उठण्याचे बळ; मांडीचा घेर नव्हे. आणि ते बळ मज्जासंस्था, सांधे, तोल व रोजचा सराव यांवरही अवलंबून असते. 2010 साली प्रसिद्ध झालेला, हालचाल मंदावलेल्या वृद्धांवरील एक प्रयोग हृदयविकाराच्या घटना वाढल्याने मध्येच थांबवावा लागला होता. उलट 2023 मध्ये पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या मोठ्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. तरी हृदयाचे ठोके अनियमित होणे व फुप्फुसातील रक्तवाहिनीत गुठळी अडकणे हे प्रकार औषध घेणाऱ्यांत अधिक दिसले. याच अभ्यासातून पुढील वर्षी निघालेला निष्कर्ष अधिक अनपेक्षित होता : औषध घेणाऱ्यांत हाडे मोडण्याचे प्रमाण कमी न होता थोडे जास्तच भरले.

नाशिक येथे 1998 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आधुनिक वैद्यक व आयुर्वेद या दोहोंची महाविद्यालये येतात. त्यामुळे सुश्रुताचे वाजीकरण व भसीन यांचे मात्रा-आलेख एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली, दोन वेगळ्या वर्गांत शिकविले जातात. त्याच शहरात, इंदिरानगरसारख्या नव्या वस्त्यांतून, तालमीची जागा काचेच्या दर्शनी भागाच्या व्यायामशाळांनी घेतली आहे. राज्यातील इतर शहरांचेही चित्र असेच आहे. टेस्टोस्टेरोन व तत्सम स्टेरॉइडे भारतीय कायद्यानुसार वैद्याच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि स्पर्धात्मक खेळांत उत्तेजकांना आळा घालण्यासाठी 2022 मध्ये स्वतंत्र अधिनियमही झाला. परंतु जो तरुण कोणत्याच स्पर्धेत उतरत नाही, केवळ अंग भरावे म्हणून सुई घेतो, त्याची तपासणी करणारी यंत्रणा नाही. त्याच्या बाबतीत ‘प्रतिस्थापन’ हा शब्दच लागू पडत नाही, कारण त्याच्या शरीरात उणे असे काही नसते.

त्याच्या शरीरात घडते ते असे. रक्तातील वाढलेले टेस्टोस्टेरोन पाहून पोष ग्रंथी वृषणांना उत्तेजन देणे थांबविते. वृषणे आक्रसतात. त्यांच्या आत शुक्रकोशिकांच्या निर्मितीसाठी लागणारी हॉर्मोनाची पातळी रक्तातील पातळीच्या कितीतरी पट असते; ती सुईने भरून येत नाही, उलट कोसळते. जादा टेस्टोस्टेरोनाच्या काही भागाचे चरबीत स्त्रीमदजनात रूपांतर होऊन स्तन वाढू शकतात. रक्तातील तांबड्या कोशिका वाढून रक्त दाट होते. सुई बंद केल्यावर वृषणे पुन्हा कामास लागण्यास काही महिने, क्वचित त्याहून अधिक काळ लागतो व त्या अवधीत शरीर दोन्ही पुरवठ्यांना मुकलेले असल्याने कमावलेला स्नायूही बराचसा ओसरतो. यांतील काहीजण पुढे डॉक्टरांकडे जातात ते लग्नानंतर मूल होत नाही म्हणून. तपासणीत वीर्यात शुक्रकोशिका अत्यल्प अथवा मुळीच नसल्याचे आढळते आणि पूर्वी काही सुया घेतल्या होत्या काय, असे नेमके विचारल्यावरच व्यायामशाळेचा उल्लेख निघतो.